जयगाव, पण एरंडोल

धुळ्याच्या बसस्थानकावर जळगावच्या गाडीची चौकशी करणाऱ्या जुन्या माणसांच्या तोंडून 'जयगाव' ऐकू येते. धुळ्याचे 'धुये' होते, पारोळ्याचे 'पारोया', अमळनेरचे 'अमयनेर', भुसावळचे 'भुसावय', चाळीसगावचे 'चायीसगाव'. याच रस्त्यावर पारोळ्याच्या पुढे एरंडोल लागते. त्याला मात्र 'एरंडोय' असे कोणी म्हणत नाही. तापीपलीकडच्या यावलचेही 'यावय' होत नाही.

खान्देशातल्या मुलाला शाळेत पहिल्यांदा ऐकायला मिळते ते हे, की तुझे उच्चार अशुद्ध आहेत. जीभ आळशी आहे म्हणून ळ निसटला असता, तर ल सुद्धा कुठे ना कुठे निसटला असता. तसे होत नाही. ज्या माणसाने आयुष्यात बाराखडी गिरवलेली नाही, तोही ळ आणि ल यांची ठिकाणे अचूक वेगळी ठेवतो. ळ असेल तिथे य, ल असेल तिथे ल. चूक कधी होते, कधी होत नाही. जे ठरलेल्या जागी ठरलेल्या रीतीने होते, त्याला नियम म्हणतात. भाषाशास्त्राचे काम असे नियम शोधण्याचे आहे, आणि त्यासाठी त्याने काही संज्ञा तयार केल्या आहेत. पाठ्यपुस्तकात त्या कोरड्या वाटतात. जळगाव-धुळ्याच्या बोलण्यावर त्या लावून पाहिल्या की त्यांचा उपयोग कळतो.

आधी ध्वनी घेऊ. तोंडातून निघणाऱ्या प्रत्येक उच्चाराला स्वन म्हणतात. स्वन असंख्य आहेत. एकच माणूस एकच शब्द दोनदा बोलला तरी यंत्रावर दोन्ही उच्चार तंतोतंत सारखे उमटत नाहीत. भाषा मात्र या साऱ्या फरकांची दखल घेत नाही, अर्थ बदलणारा फरक तेवढा मोजते. अर्थभेद करणाऱ्या ध्वनीच्या एककाला स्वनिम म्हणतात. तो ओळखण्याची रीत अगदी सोपी आहे. एकाच जागचा एकच ध्वनी वेगळा आणि बाकी सगळे सारखे, असे दोन शब्द घ्यायचे: 'वेळ' आणि 'वेल', 'काळ' आणि 'काल', 'मण' आणि 'मन'. अर्थ बदलला, म्हणजे प्रमाण मराठीत ळ आणि ल हे दोन स्वतंत्र स्वनिम ठरले. ण आणि न हेही. अशा जोडीला न्यूनतम युग्म म्हणतात.

स्वनिम आणि अक्षर यांची गल्लत करू नये. 'जरा' हा शब्द 'थोडेसे' या अर्थी म्हणून पाहा आणि मग 'म्हातारपण' या अर्थी. लिहिताना ज एकच, उच्चार दोन, अर्थही दोन. म्हणजे इथे एका अक्षरामागे दोन स्वनिम आहेत. याच्या उलट 'अंग', 'अंत' आणि 'आंबा' हे तीन शब्द सावकाश म्हणा. अनुस्वाराच्या जागी पहिल्यात जिभेचा मागचा भाग वर जातो, दुसऱ्यात टोक दातांना लागते, तिसऱ्यात ओठ मिटतात. उच्चार तीन आहेत, पण पुढचे व्यंजन कोणते यावरून ते आपोआप ठरतात. त्यांच्या अदलाबदलीने अर्थ बदलत नाही. अशा परिस्थितीनुसार बदलणाऱ्या उच्चारांना स्वनांतरे म्हणतात. बोलणाऱ्याला त्यांची जाणीवही नसते.

आता ही मोजपट्टी खान्देशाला लावू. पाण्याला इथे 'पानी' म्हणतात, ण आणि न यांच्यात फरक करत नाहीत. डोळ्याला 'डोया', काळ्याला 'काया', केळ्याला 'केय', गुळाला 'गूय'. ळ हा स्वनिम य या स्वनिमात मिसळून गेला. याला स्वनिमांचा विलय म्हणावे. विलय झाला की काही शब्द एकमेकांसारखे होतात. गळ्यातली माळ 'माय' झाली आणि जन्म देणारी माय तर आधीपासून होतीच. ऐकणाऱ्याची पंचाईत होते का? होत नाही. देवाच्या गळ्यात घातलेली माय आणि चुलीपुढे बसलेली माय यांत कोणाचा घोटाळा होत नाही. वाक्य आणि प्रसंग अर्थ ठरवून देतात. विलय सगळीकडे सारखा पसरलेलाही नाही. खान्देशाच्या काही भागांत ळ टिकून आहे, आणि एकाच घरात आजी 'डोया' म्हणते तर नात 'डोळा' म्हणते.

आणि विलय काही फक्त खेड्यातच होतो असे नाही. 'ष' आणि 'श' हे लिपीत दोन आहेत. पुण्यामुंबईच्या शिकलेल्या माणसाच्या बोलण्यात 'षटकार' आणि 'शहर' यांतला पहिला ध्वनी केव्हाच एक झाला. त्याला कोणी अशुद्ध म्हणत नाही, कारण तो बदल प्रतिष्ठित माणसांच्या तोंडी झाला. भाषेच्या अंगाने पाहिले तर दोन्ही घटना एकाच जातीच्या आहेत. वेगळी आहे ती बोलणाऱ्यांची सामाजिक पायरी, आणि 'अशुद्ध' हा शिक्का त्या पायरीवर मारला जातो, ध्वनीवर नाही.

ही सामाजिक पायरी मोजताही येते. अमेरिकेतल्या विल्यम लबॉव यांनी १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या तीन दुकानांत एक प्रयोग केला: एक श्रीमंतांचे, एक मध्यमवर्गीयांचे, एक स्वस्तातले. चौथ्या मजल्यावर मिळणाऱ्या वस्तूची ते चौकशी करत आणि 'चौथा मजला' यासाठीच्या इंग्रजी शब्दांतला 'र' विक्रेता उच्चारतो की गाळतो ते ऐकत. मग ऐकू न आल्यासारखे करून पुन्हा विचारत. दुसऱ्यांदा उत्तर देताना माणूस सावध होतो आणि प्रतिष्ठित उच्चाराकडे झुकतो. महागड्या दुकानात 'र' जास्त ऐकू आला, स्वस्त दुकानात कमी. हाच प्रयोग धुळ्याच्या बसस्थानकावर करता येईल. 'ही गाडी कोठे जाते?' असे विचारा, उत्तर ऐका, आणि 'काय म्हणालात?' म्हणून पुन्हा विचारा. पहिले उत्तर सहज दिलेले, दुसरे जपून दिलेले. 'जयगाव' आणि 'जळगाव' यांची दोन्ही वेळची मोजणी वय, शिक्षण आणि गाव यांसह मांडली, तर ळ खान्देशात परत येतो आहे का आणि कोणामार्फत, याचे उत्तर मिळेल. महाविद्यालयातल्या एखाद्या मुलामुलीने हे काम हाती घ्यावे, इतके ते मोलाचे आहे.

ध्वनीनंतरची पायरी रूपिमाची. काही पुस्तके त्याला रूपिका म्हणतात, काही पदिम. अर्थ असलेला आणि आणखी तोडला तर अर्थ नाहीसा होईल असा भाषेचा सर्वांत लहान तुकडा म्हणजे रूपिम. खान्देशातल्या अहिराणी बोलीतला 'लोकेसले' हा शब्द घ्या. 'लोकांना' असा त्याचा अर्थ. त्याचे तीन तुकडे पडतात. 'लोक' हा मूळ शब्द. 'एस' हा तुकडा अनेकपण दाखवतो. 'ले' म्हणजे मराठीतला 'ला' किंवा 'ना'. पोर असेल तर 'पोरेसले'. 'ले' काढून 'ना' लावले की 'लोकेसना', म्हणजे 'लोकांचा'. तुकडे सुटे करता येतात आणि दुसरीकडे जोडता येतात, हीच रूपिमाची खूण. प्रमाण मराठीत 'लोकांना' मध्ये अनेकपण त्या एका अनुस्वारात दडलेले असते, अहिराणीने त्यासाठी स्वतंत्र आणि स्पष्ट ऐकू येणारा तुकडा राखला आहे. ज्या बोलीला व्याकरणच नाही असे सांगितले जाते, तिच्यात इतकी नेटकी व्यवस्था आहे.

आता एक वाक्य तीन भाषांत ठेवून पाहू.

रामाचा घोडा घरात आहे.
रामना घोडा घरमा शे.
रामनो घोडो घरमां छे.

पहिले मराठी, दुसरे अहिराणी, तिसरे गुजराती. घोड्याचा आकार पाहा: 'घोडा' हे आकारान्त रूप मराठी आणि अहिराणी यांचे, 'घोडो' गुजरातीचे. पण मालकी दाखवणारा 'ना' गुजरातीच्या 'नो'जवळ आहे, मराठीच्या 'चा'जवळ नाही. 'मा' आणि 'मां' सरळ एका घरचे आहेत. 'शे' आणि 'छे' यांचेही तसेच. अहिराणीत लिंगे तीन: 'मना भाऊ', 'मनी बहीन', 'मनं घर'. तीन लिंगे मराठीत आहेत, तशी गुजरातीतही आहेत. हिंदीत ती दोनच उरली.

या वाक्यात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती सहज नजरेतून सुटते. मराठीत प्रत्यय लागण्याआधी नामाचे रूप बदलते. 'राम'चे 'रामा' होते, मग 'चा' लागतो. 'घर'चे 'घरा' होते, मग 'त' लागतो. याला आपण शाळेत सामान्यरूप म्हणतो. अहिराणीत राम रामच राहतो आणि घर घरच: राम-ना, घर-मा. 'डोक्यात' म्हणायचे तर 'डोकामा', 'महिन्यात' म्हणायचे तर 'महिनामा'. प्रत्यय वेगळा असणे हा वरवरचा फरक झाला; तो शेजाऱ्याकडून उसनाही येऊ शकतो. प्रत्यय लावण्याची रीतच वेगळी असणे हा खोलवरचा, रचनेचा फरक आहे. अहिराणी ही मराठीची बिघडलेली प्रत असती तर मोडलेली सामान्यरूपे सापडली असती. इथे दुसरीच घडण आहे.

क्रियापदांकडे गेले की हे आणखी पक्के होते. 'मी जाईन'ला अहिराणीत 'मी जासू' म्हणतात, 'आपण जाऊ'ला 'आपन जासूत'. 'मी करीन' म्हणजे 'मी करसू'. या 'स'चा माग काढण्यासाठी आणखी दोन संज्ञा लागतात. भाषेचा आजचा एक थर घेऊन त्याची रचना तपासणे हा एककालिक अभ्यास. ती कशी बदलत आली हे पाहणे हा कालक्रमिक अभ्यास. स्वित्झर्लंडच्या फेर्दिनां द सोस्यूर यांनी हा भेद ठामपणे मांडला. त्यांच्या व्याख्यानांचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १९१६ मध्ये, विद्यार्थ्यांच्या टिपणांवरून निघाले. आतापर्यंत आपण बहुतेक एककालिक पाहत होतो. कालक्रमिक पाहिले तर संस्कृतात 'करिष्यति' आहे, त्यातला 'ष्य' भविष्यकाळाचा. गुजरातीत तो 'करशे' या रूपात राहिला, राजस्थानातल्या काही बोलींतही 'स'चा भविष्यकाळ आहे. अहिराणीचे 'करसू' त्याच धाटणीचे. प्रमाण मराठीने 'करील', 'जाईल' असा 'ल'चा भविष्यकाळ पुढे घडवला. म्हणजे या एका बाबतीत जुने जपले ते अहिराणीने, आणि नवे केले ते मराठीने. कोण कोणापासून बिघडले, हा प्रश्नच इथे चुकीचा ठरतो.

ही गोष्ट पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर कागदावर आली ती जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात. त्यांची रीत अशी होती: बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट जिल्ह्याजिल्ह्यातून स्थानिक बोलीत सांगवून घ्यायची, सोबत ठरावीक शब्दांची आणि वाक्यांची यादी भरून घ्यायची. सगळीकडे मजकूर एकच असल्यामुळे तुलना करणे सोपे. मराठीचा सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. त्यात खान्देशी नाही. ती आहे नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, १९०७ च्या, भिल्ल भाषांसोबत. हे वर्गीकरण सगळ्या अभ्यासकांना मान्य नाही, आणि अहिराणीला मराठीची बोली मानणारेही जाणते लोक आहेत. मला स्वतःला कोणत्या खंडात घातले यापेक्षा, त्यामागे प्रत्यय आणि क्रियापदे मांडून केलेला विचार होता, हे महत्त्वाचे वाटते. शब्दसंग्रह एकमेकांत सहज मिसळतो. बाजारात रोज नवे शब्द येतात आणि जातात. प्रत्यय तसे सहजी बदलत नाहीत. म्हणून भाषेचे नाते ठरवताना शब्दांपेक्षा प्रत्ययांची साक्ष मोठी.

मग हे मिश्रण आले कोठून? उत्तर बरेचसे भूगोलात आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याच्या रांगा, आणि मधून पश्चिमेकडे सुरतेला जाणारी तापी. दक्षिणेकडे मराठवाड्यात जायचे तर कन्नडचा घाट चढावा लागतो. पश्चिमेला गुजरातचा आणि ईशान्येला बुऱ्हाणपूरचा रस्ता नदीकाठाने मोकळा. खान्देशच्या फारुकी सुलतानांची राजधानी बुऱ्हाणपूरला होती आणि १६०१ मध्ये असीरगड पडल्यावर हा मुलूख मोगलांकडे गेला. माणसे, गुरे, कापूस आणि व्यापारी ज्या वाटेने ये-जा करतात, त्याच वाटेने भाषेचे विशेषही पसरतात. याला भाषासंपर्क म्हणतात. वंशवृक्षासारखी फांद्या फुटत जाणारी नाती आणि शेजाराने आलेली साम्ये, या दोन्ही गोष्टी एकाच भाषेत एकाच वेळी असतात. त्या वेगळ्या काढणे हे या शास्त्रातले कष्टाचे काम आहे.

नकाशावर हे दाखवण्याची सुंदर पद्धत आहे. एखादा विशेष जिथपर्यंत आढळतो त्या गावांच्या कडेने रेघ ओढायची. तिला समभाषारेषा म्हणतात. 'ना' म्हणणारी गावे आणि 'चा' म्हणणारी गावे यांच्यामधून एक रेघ, 'शे' आणि 'आहे' यांच्यामधून दुसरी, 'ले' आणि 'ला' यांच्यामधून तिसरी. या रेघा एकमेकींवर पडत नाहीत. 'ले'ची रेघ खान्देशात थांबत नाही, थेट वऱ्हाडात शिरते. मलकापूर-बुलढाण्याकडेही 'मले', 'तुले' म्हणतात. पण तिथे 'मना', 'तुना' नाही, 'घरमा' नाही. म्हणून खान्देशी कोठे संपते आणि वऱ्हाडी कोठे सुरू होते, हे एका पाटीने दाखवता येत नाही. नवापूरपासून मुक्ताईनगरपर्यंत गावोगाव चालत गेलात तर शेजारच्या दोन गावांत बोलणे अडणार नाही, पण दोन टोकांची माणसे समोरासमोर आली तर अडेल. अशा साखळीला बोलीसातत्य म्हणतात.

डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने मराठीच्या बोलींचे अलीकडे जे सर्वेक्षण केले, त्यात असेच विशेष नकाशांवर मांडले आहेत. बोलीचा अभ्यास करणारा माणूस 'तुम्ही ळ म्हणता का?' असे कधी विचारत नाही. तसे विचारले की समोरचा शाळेतला उच्चार करून दाखवतो. म्हणून अभ्यासक केळ्याचे चित्र पुढे ठेवतो, गोष्ट सांगायला लावतो, आणि ध्वनिमुद्रण चालू ठेवून गप्प बसतो.

इथे एक गैरसमज दूर करायलाच हवा. खान्देशी म्हणजे अहिराणी, आणि बहिणाबाईंची कविता अहिराणीत, असे महाराष्ट्रात सर्रास लिहिले जाते. बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) जळगावजवळच्या आसोद्याच्या. त्यांची भाषा लेवा समाजाची, लेवा गणबोली. तिच्यात ळ चा य होतो, ण चा न होतो, 'मले' आणि 'तुले' आहे; एवढ्यापर्यंत ती अहिराणीच्या शेजारी उभी आहे. पण त्यांच्या कवितेत 'माझा', 'माझी' येते, 'मना', 'मनी' येत नाही. मालकीची रेघ ओढली की आसोदे पलीकडच्या बाजूला पडते. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यातली लेवा गणबोली, जामनेर-भुसावळकडची तावडी, गुजर समाजाची गुजरी, तडवी भिलांची बोली, सातपुड्यातली पावरी, नवापूरकडची मावची. खान्देशात इतक्या बोली नांदतात. सगळ्यांना एकाच नावाखाली घालणे हा त्या प्रत्येकीवर अन्याय आहे.

वाक्यरचनेबद्दल फार लिहिण्याजोगे नाही. कर्ता, कर्म, क्रियापद हा क्रम मराठीचाच. एक गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. 'काय करतो आहेस?' हे अहिराणीत 'काय करी राहिना?' असे होते. राहणे म्हणजे वस्ती करणे. इथे त्या क्रियापदाने तो अर्थ सोडला आणि 'क्रिया चालू आहे' एवढेच सांगण्याचे काम पत्करले. पूर्ण अर्थाचा शब्द झिजत झिजत व्याकरणाचा भाग होण्याच्या या प्रक्रियेला व्याकरणीभवन म्हणतात. हिंदीत 'कर रहा है', नागपूरकडच्या मराठीत 'करून राहिला'. इथेही सीमारेघा पुसट आहेत. शब्दाचा अर्थ सरकतो तो असाच हळूहळू. 'सकाळ' हा शब्द अहिराणीत 'सकाय' झाला आणि त्याचा अर्थ 'उद्या' असा झाला. जर्मन आणि स्पॅनिश भाषांतही 'सकाळ' आणि 'उद्या' यांना एकच शब्द आहे. हजारो कोसांवरच्या माणसांच्या मनाने तीच वाट धरली, कारण उद्या म्हणजे येणारी सकाळ, हे सगळीकडे सारखेच.

आता प्रमाण भाषेबद्दल. प्रमाण मराठी हीदेखील मुळात एका भागाची आणि एका वर्गाची बोली. छापखाना, शाळा आणि सरकारी कामकाज तिच्यातून चालले, म्हणून तिला प्रमाणाचे स्थान मिळाले. ते आवश्यकही आहे. नंदुरबारचा अर्ज सिंधुदुर्गात वाचता यायला हवा. पण 'कसे लिहावे' हे सांगणारे आदेशात्मक व्याकरण आणि 'लोक कसे बोलतात' हे नोंदवणारे वर्णनात्मक व्याकरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी आपला अखेरचा काळ धुळ्यात काढला, तिथेच ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते वारले, आणि पुढच्याच महिन्यात तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. ज्ञानेश्वरीतल्या मराठीचे व्याकरण त्यांनी लिहिले ते ग्रंथात प्रत्यक्ष आढळणारी रूपे गोळा करून. ती वृत्ती बोलींकडेही वळवायला हवी.

खान्देशी माणूस या दोन पातळ्या रोज सांभाळतो. बँकेत 'आहे', घरी 'शे'. मुलाच्या शिक्षकांशी 'येईन', भावाशी 'येसू'. एकाच संभाषणात माणूस बघून भाषा बदलणे याला संकेतपालट म्हणतात. आणि घर व व्यवहार यांसाठी दोन भाषारूपे कायमची वाटून दिलेली असतात, त्या अवस्थेला भाषाद्वैत. ही वाटणी इथे नवी नाही. चाळीसगावजवळ पाटणे येथे शके ११२८ चा, म्हणजे तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याला मिळालेल्या दानाची ती नोंद. लेखाचा मोठा भाग संस्कृतात. पण बाजारातल्या कोणी मठाला काय द्यायचे, हे सांगायची वेळ आली तेव्हा लेखाने त्या काळची मराठी धरली. ज्यांनी द्यायचे होते, त्यांना ते समजायला हवे होते. त्या वेळी खालच्या पायरीवर मराठी होती, आज अहिराणी आहे.

द्वैत टिकले तर दोन्ही भाषा जगतात. घरातली भाषाही बदलली की भाषांतर नव्हे, भाषात्याग सुरू होतो. २००१ च्या जनगणनेत 'खान्देशी' या नावाखाली, अहिराणी धरून, सुमारे २० लाख ७५ हजार माणसे मोजली गेली. २०११ मध्ये हा आकडा सुमारे १८ लाख ६० हजारांवर आला. याच दहा वर्षांत जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ३६ लाख ८० हजारांच्या आसपास होती ती ४२ लाखांपुढे गेली, धुळ्याची १७ लाखांवरून २० लाखांवर. माणसे वाढली, भाषा सांगणारे घटले. यातला काही भाग खरोखर मराठीकडे वळलेल्या घरांचा असेल; काही भाग असा, की बोलतो अहिराणी आणि सांगतो मराठी. हा दुसरा भाग मला जास्त सलतो, कारण त्यामागे शाळेत मारलेला तो 'अशुद्ध'चा शिक्का आहे.

डॉ. रमेश सूर्यवंशी यांनी अहिराणीचा शब्दकोश केला, खान्देशातल्या शेतकरी जीवनाचा सचित्र कोशही केला. ट्रॅक्टर आल्यावर वखर आणि पांभर यांच्या भागांची नावे आठवणारी पिढी थोडी उरली आहे. ज्यांच्या घरात ऐंशीच्या पुढची आजी आहे, त्यांनी फोनचे ध्वनिमुद्रण चालू करून तिला आखाजीच्या सणाचे, कानबाईच्या रोटांचे, लग्नातल्या रितीभातींचे बोलते करावे. शुद्ध-अशुद्ध काही सांगू नये, मध्ये दुरुस्ती करू नये, गाव आणि तारीख तेवढी लिहून ठेवावी.

आणि जनगणनेचा प्रगणक दारात येईल तेव्हा मातृभाषेचा रकाना विचार करून भरावा. जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे मातृभाषा म्हणजे लहानपणी आई आपल्याशी ज्या भाषेत बोलली ती. आई 'शे' म्हणत असेल तर 'अहिराणी' असे स्पष्ट सांगा. लेवा, तावडी, पावरी, जी असेल ती तिच्या नावाने सांगा. तुम्ही सांगाल तेच नाव लिहून घेणे प्रगणकाला बंधनकारक असते. याने मराठीचे काही उणे होत नाही. येत असलेल्या आणखी दोन भाषांसाठी वेगळा रकाना असतो, मराठी तिथे लिहिता येते.